इंजेरा फिरफिर घरी करताना: लगदा का होतो, कडवट का लागतं, आणि काय करायचं

फिरफिर हा इथिओपिया आणि एरिट्रियातला तिखट नाश्ता. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाची मऊ, जाळीदार पोळी. तिचे तुकडे कांदा आणि बर्बेरे (मिरचीचा तिखट मसाला) यांच्या लाल रश्श्यात घोळवायचे, बस्स. आपल्याकडे शिळ्या पोळीची फोडणीची पोळी होते तसंच तिथे शिळ्या इंजेराचं फिरफिर. पण घोटाळा इथेच होतो. फोडणीची पोळी दहा मिनिटांत होते, म्हणून लोक फिरफिरही त्याच चालीने करायला जातात. तेल तापवायचं, कांदा टाकायचा, तिखट टाकायचं, तुकडे टाकून परतायचं. हाती येतो तो एक तर गिच्च गोळा, नाही तर करपलेल्या मिरचीचा कडवट चोथा.

फिरफिरमध्ये सगळा खेळ पाण्याचा आहे. कांद्यातलं पाणी तेल घालण्याआधी आटलं पाहिजे. मसाला तेलात पडला की त्याला पुन्हा पाणी मिळत राहिलं पाहिजे. इंजेरा मात्र कोरडा हवा आणि तो पडेल त्या क्षणी रस्सा पातळ हवा. हा क्रम उलटापालटा झाला की मसाला कितीही चांगला असो, उपयोग नाही.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. फिरफिर म्हटलं की ते शाकाहारी असेलच असं नाही. क्वांता फिरफिरमध्ये वाळवलेलं गोमांस असतं. आपण इथे करतोय ते ‘य-त्सोम फिरफिर’, म्हणजे उपवासाचं. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीचे ५५ दिवस मांस, अंडी, दूध, तूप काहीच खात नाहीत, त्यामुळे यात फक्त तेल. तिथल्या हॉटेलात मागवतानाही ‘य-त्सोम’ हाच शब्द वापरा. कांदा-लसूण मात्र त्यांच्या उपवासाला चालतो आणि इथे तो सढळ हाताने पडतो. तेव्हा ‘उपवासाचं’ या शब्दावर विसंबून एकादशीला करायला घेऊ नका.

आधी वेळेचं गणित

सगळं घरीच करणार असाल आणि रविवारी सकाळी फिरफिर हवं असेल, तर गुरुवारी रात्री पीठ भिजवायचं. शनिवारी संध्याकाळी इंजेरा भाजायचा आणि रविवारी सकाळी फिरफिर करायचं. बर्बेरे मधल्या कोणत्याही दिवशी करून ठेवा. सकाळी पीठ भिजवून दुपारी इंजेरा होत नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून जे झटपट प्रकार करतात, ते गरमागरम बरे लागतात, पण रश्श्यात पडताच विरघळतात. फिरफिरसाठी ते बाद.

लंडन, वॉशिंग्टन किंवा टोरांटोच्या आसपास राहणाऱ्यांना इथिओपियन दुकानात तयार इंजेरा सहज मिळतो. त्यांनी थेट टप्पा ३ वर जावं.

साहित्य, ३ ते ४ जणांसाठी

इंजेरासाठी (२५ सेंमीचे ७-८ होतात, फिरफिरला ४ लागतात, उरलेले सोबत खायला):

- टेफचं (इथिओपियातलं बारीक दाण्याचं धान्य) पीठ ३०० ग्रॅम
- पाणी ४८० मिली, शिवाय अब्सितसाठी (शिजवलेल्या पिठाची खळ, टप्पा २) २४० मिली
- विरजण म्हणून ३ मोठे चमचे आंबलेलं पीठ किंवा अगदी चिमूटभर कोरडं यीस्ट

रश्श्यासाठी:

- लाल कांदे ४०० ग्रॅम
- तेल ८० मिली
- बर्बेरे ३ मोठे चमचे, साधारण २२ ग्रॅम
- लसूण ८ पाकळ्या आणि बोटभर आलं, ठेचून
- एक मध्यम टोमॅटो, किसून (नसला तरी चालतो)
- कोमट पाणी ५०० मिली, टप्प्याटप्प्याने
- मीठ पाऊण ते एक छोटा चमचा
- मेकेलेशा अर्धा छोटा चमचा (कृती टप्पा ४ मध्ये)

टेफ न मिळाल्यास ज्वारी घ्या. ही काही मनाची समजूत घालणारी तडजोड नाही. इथिओपियात ज्वारीचा इंजेरा सर्रास होतो, नाचणीचाही होतो. प्रमाण: ज्वारीचं पीठ २०० ग्रॅम, नाचणीचं ५० ग्रॅम आणि मैदा ५० ग्रॅम. मैद्यामुळे नवशिक्याच्या हातून इंजेरा तुटत नाही. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी मैद्याऐवजी ज्वारीच वाढवावी आणि इंजेरा आकाराने लहान घालावा. ज्वारीचं पीठ ताजं दळलेलं हवं. भाकरी थापताना जे पीठ चिरतं, त्याचा इंजेराही चिरतो.

## टप्पा १: पीठ आंबवणे

१. पीठ चाळून घ्या. निम्मं पाणी घालून हाताने गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी आणि विरजण घाला. पीठ डोशाच्या पिठापेक्षा किंचित सैल व्हायला हवं.

२. काचेच्या किंवा स्टीलच्या खोल भांड्यात ठेवा. भांडं निम्मंच भरा. वर सैलसर झाकण ठेवा, घट्ट लावू नका.

३. उबदार जागी ठेवून द्या. मुंबई-कोकणात ३६ ते ४४ तास पुरतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत तीन दिवसही लागतात.

पहिल्या दिवशी पीठ फसफसून वर येतं, मग खाली बसतं. ते खाली बसल्यावर पुष्कळजण घाबरून पुन्हा यीस्ट घालतात. तसं करू नका. पीठ तळाला बसून वर पाणी सुटणं हीच खूण आपल्याला हवी आहे. या पाण्याला एर्शो म्हणतात. टेफचं एर्शो तपकिरी, कधी काळपट दिसतं. त्यात बिघडलेलं काही नाही.

तपासा: वास आंबूस, ताकाच्या जवळ जाणारा हवा. लोकरीसारखी बुरशी दिसली, गुलाबी, हिरवा किंवा नारिंगी डाग दिसला किंवा कुजका वास आला, तर वरचं काढून खालचं वापरायच्या भानगडीत पडू नका. सगळं फेकून द्या.

वरचं पाणी अलगद ओतून काढा, ढवळू नका. त्यातलं चार चमचे बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, पुढच्या वेळी विरजण म्हणून तेच घालायचं.

## टप्पा २: अब्सित आणि भाजणी

हा टप्पा लोक सर्रास गाळतात आणि मग जाळी पडली नाही म्हणून पिठाला दोष देतात. टेफ आणि ज्वारी दोन्हींमध्ये ग्लूटेन नाही. आंबताना तयार झालेला वायू धरून ठेवायला पिठात काहीच नसतं. अब्सित म्हणजे थोडं पीठ शिजवून केलेली खळ. शिजलेल्या स्टार्चमुळे पीठ बुळबुळीत होतं, बुडबुडे त्यात अडकतात आणि भाजताना फुटून जाळी सोडतात. ही जाळी दिसायला छान असते म्हणून नको आहे, रस्सा तिच्यातूनच आत शिरणार आहे.

१. आंबलेल्या पिठातलं ८० ग्रॅम, म्हणजे साधारण पाच मोठे चमचे, पीठ काढा. २४० मिली पाण्यात कालवा.

२. मध्यम आचेवर सतत ढवळत ५ ते ७ मिनिटं शिजवा. आधी पातळ दिसेल, मग एकदम घट्ट होऊन चकाकी येईल. तिथे थांबा.

३. कोमट होऊ द्या. बोट बुडवून सुखाने ठेवता आलं पाहिजे. गरम अब्सित पिठात ओतलंत तर आंबवणारे जीव मरतात आणि दोन दिवसांची वाट पाहणं फुकट जातं.

४. पिठात नीट मिसळा. झाकून एक ते दोन तास ठेवा. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसू लागले की भाजायला घ्या. पीठ आता घावनाच्या पिठाइतकं पातळ हवं. लागलं तर दोन-चार चमचे पाणी घाला.

५. तवा नॉनस्टिक किंवा चांगला मुरलेला बिडाचा घ्या, आणि त्याला बसेल असं उंच झाकण. तिकडे मातीच्या मोठ्या तव्यावर, मितादवर, भाजतात. तेल घालायचं नाही. बिडाच्या तव्यावर फार तर तेलाचं फडकं एकदा फिरवून कोरडं पुसा.

६. मध्यम-मोठ्या आचेवर तवा तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचून लगेच उडाला पाहिजे. सुमारे १२० मिली पीठ बाहेरच्या कडेपासून आत गोल गोल ओता. डावाने पसरवू नका, पसरवलं की बुडबुडे मोडतात.

७. आधी न झाकता थांबा. वीस-तीस सेकंदांत सगळीकडे जाळी पडेल. ती पडल्यावरच झाकण ठेवा, दीड ते दोन मिनिटं.

८. कडा तव्यापासून सुटल्या, वरचा भाग कोरडा दिसला की काढा. उलटवायचा नाही. कापडावर एकेक पसरा आणि पूर्ण गार झाल्यावरच एकावर एक ठेवा.

जाळी पडली नाही तर: तवा पुरेसा तापलेला नसेल, पीठ घट्ट असेल किंवा अब्सितनंतर थांबला नसाल. याच क्रमाने तपासा. पहिला इंजेरा जवळपास नेहमी बिघडतो, त्यावरून पीठ बदलू नका, आच बदलून पाहा. वर चिकट राहिला तर लवकर काढला. कडा कुरकुरीत होऊन वळल्या तर जास्त वेळ ठेवला. असा कडक इंजेरा सोबत खायला नको, तुकड्यांसाठी बाजूला ठेवा.

## टप्पा ३: इंजेरा कोरडा करणे

ताजा इंजेरा फिरफिरला चालत नाही. तो पाण्याने आधीच भरलेला असतो. रश्श्यात पडला की शोषायला जागा नसते, मग नुसता फुटतो आणि त्याची लापशी होते.

चार इंजेरा कापडात गुंडाळून रात्रभर ओट्यावर ठेवा. सकाळी दोन बोटं रुंदीचे तुकडे हाताने फाडा. सुरीने कापलेल्या तुकड्याची कड दाबली जाऊन बंद होते, फाडलेल्याची उघडी राहते. तुकडे परातीत एकाच थरात पसरून पंख्याखाली तासभर ठेवा. पावसाळ्यात दोन तास.

तपासा: तुकडा दुमडला तर तुटायला नको, पण हाताला ओलसरही लागायला नको. दुमडून सोडल्यावर चिकटून राहत असेल तर अजून अर्धा तास.

ज्वारीचा इंजेरा दुसऱ्या दिवशी टेफपेक्षा बराच कडक होतो. त्याचे तुकडे मोडतील, मोडू द्या. फक्त त्याला पंख्याखाली ठेवायची गरज नाही आणि टप्पा ६ मध्ये रस्सा थोडा जास्त लागेल.

उरलेला इंजेरा उन्हात कडकडीत वाळवून डब्यात भरूनही ठेवतात. त्याला दिर्कोश म्हणतात आणि त्याचंही फिरफिर होतं. त्यासाठी रश्श्यात पाणी दीडपट घ्या. दमट हवेत तो पुरता वाळला नाही तर बुरशी येते, म्हणून ऑक्टोबर ते मे एवढ्यातच हा उद्योग करा.

## टप्पा ४: बर्बेरे आणि मेकेलेशा

बर्बेरेऐवजी घरातला कांदा-लसूण मसाला किंवा मालवणी मसाला टाकायचा मोह होतो. टाकू नका. आपल्या मसाल्यांत खोबरं, तीळ, दगडफूल, बडीशेप असं काहीबाही असतं. चव लगेच कोल्हापूरला नाही तर मालवणला जाते. शिवाय खोबरं-तीळ असलेला मसाला पुढच्या टप्प्यात वीस मिनिटं शिजताना तळाला लागतो. बर्बेरेतले बहुतेक जिन्नस आपल्या डब्यात आहेतच, तेव्हा करून घेणंच सोपं.

- ब्याडगी मिरची ३० ग्रॅम, देठ आणि निम्म्या बिया काढून
- संकेश्वरी किंवा गुंटूर मिरची १० ग्रॅम
- धणे २ छोटे चमचे
- जिरे, कलौंजी प्रत्येकी १ छोटा चमचा
- मेथी दाणे पाऊण छोटा चमचा
- ओवा, काळी मिरी प्रत्येकी अर्धा छोटा चमचा
- लवंगा ४, दालचिनीचा एक इंच तुकडा
- हिरव्या वेलचीचे दाणे ८ वेलच्यांचे, मसाला वेलचीचे दाणे एका वेलचीचे
- सुंठ पूड १ छोटा चमचा, लसूण पूड १ छोटा चमचा
- सुकवलेली तुळशीची पानं अर्धा छोटा चमचा
- मीठ १ छोटा चमचा

मूळ मसाल्यात कोरारिमा नावाची इथिओपियन वेलची असते. ती मिळाली तर दोन्ही वेलच्या वगळून तिचे दाणे १ छोटा चमचा घ्या. तुळशीचं काम तिथे तिचीच नातलग बेसोबेला करते. मूळ पद्धतीत ओलं आलं-लसूण मिरचीबरोबर कांडून पुन्हा उन्हात वाळवतात. घरगुती प्रमाणात पुडी घालून काम भागतं.

१. मिरच्या मंद आचेवर दोन-तीन मिनिटं फक्त कुरकुरीत होण्यापुरत्या शेका. ठसका उठला म्हणजे आच जास्त आहे. रंग काळपटला तर त्या मिरच्या काढून टाका.

२. धणे, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी दोन मिनिटं शेका. कलौंजी आणि ओवा शेवटी अर्धा मिनिट.

३. मेथी वेगळी. एक छटा गडद झाली की लगेच खाली. मेथी लाल झाली की अख्खा मसाला कडू होतो, आणि तो कडवटपणा पुढे कशानेही जात नाही.

४. पूर्ण गार करून सगळं एकत्र बारीक दळा, चाळा, पुन्हा दळा. खडबडीत बर्बेरे रश्श्यात कचकच लागतो. बरणीत तीन-चार महिने टिकतो.

बाजारचा बर्बेरे वापरणार असाल तर आधी चिमूटभर जिभेवर ठेवा. काहींत मीठ भरपूर असतं. तसा असेल तर रश्श्यात मीठ अगदी शेवटी, चाखून घाला.

मेकेलेशा हा वरून भुरभुरायचा गरम मसाला. एका मसाला वेलचीचे दाणे, ४ मिरी, २ लवंगा, पाव चमचा जिरे, दालचिनीचा नखाएवढा तुकडा, चिमूटभर जायफळ आणि काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या पिंपळीचा अर्धा तुकडा, असं न भाजता खलबत्त्यात कुटा. हा शिजवायचा नसतो, म्हणून बर्बेरेबरोबर टाकून मोकळं होऊ नका.

## टप्पा ५: कुलेत, म्हणजे कांद्याचा पाया

सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार आहे, पाऊण तास ते एक तास. इथे वाचवलेलं प्रत्येक मिनिट ताटात दिसतं.

कांदा कसा चिरायचा. अगदी बारीक, चौकोनी, तांदळाच्या दाण्याएवढा. चॉपर चालेल. मिक्सरमधली पेस्ट चालणार नाही, ती शिजूनही उग्र आणि कडवट राहते, शिवाय उडते. उभा चिरलेला कांदा विरघळत नाही, त्याचे दोरे राहतात.

१. जाड बुडाचं पातेलं घ्या. त्यात तेल न घालता कांदा टाका. आच मध्यम.

इथेच हात तेलाच्या बरणीकडे जातो. आवरा. तेल आधी पडलं की कांद्याचा दाणा बाहेरून तळला जातो, कडेने तांबूस होतो आणि आतलं पाणी आतच राहतं. असा कांदा रश्श्यात वेगळा वेगळा तरंगतो. कोरडा शिजला की त्याचं पाणी निघून जातं, तो गळून पडतो आणि पुढे रश्श्याला दाटपणा त्याचाच येतो. पिठाची किंवा दाण्याच्या कुटाची गरज लागत नाही.

२. सतत हलवत राहा. पहिली चार-पाच मिनिटं कांदा पाणी सोडेल, वाफ येईल, चुर्रर्र आवाज मोठा असेल. मग आवाज उतरेल आणि कांदा तळाला धरू लागेल. धरला की चमचाभर पाण्याचा हबका मारून खरवडून घ्या. असं १२ ते १५ मिनिटं.

तपासा: उलथन्याने पातेल्याच्या तळाशी एक रेघ ओढा. रेघेत पाणी झिरपून आलं तर अजून वेळ आहे. रेघ कोरडी राहिली, कांदा निम्मा झाला, पारदर्शक आणि फिकट सोनेरी दिसू लागला, की पुढे जा. तपकिरी होऊ द्यायचा नाही, बिर्याणीचा कांदा आपल्याला नको आहे.

३. आता तेल घाला, सगळं ८० मिली. कमी करू नका. बर्बेरेचा रंग आणि वास तेलात उतरतो, आणि तेल कमी पडलं तर मसाला कच्चट, मातकट लागतो. पाच मिनिटं परता.

४. आलं-लसूण घाला, दोन मिनिटं. कच्चा वास गेला पाहिजे.

५. आच अगदी मंद करा. बर्बेरे घाला. पहिल्यांदा करत असाल तर दोनच चमचे घाला, तिसरा चाखून. अर्धा-एक मिनिट हलवा आणि लगेच तीन चमचे कोमट पाणी घाला.

फिरफिर कडू होतं ते या एका मिनिटात. दळलेली मिरची तापलेल्या तेलात काही सेकंदांत करपते. जोवर पातेल्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फार वर चढत नाही, मसाला शिजतो पण जळत नाही. म्हणून पाणी एकदम ओतायचंही नाही. एकदम ओतलं की मसाला नुसता उकळतो, तेलात उतरतच नाही. हबका, आटू द्या, पुन्हा हबका.

६. दर दोन-तीन मिनिटांनी दोन-तीन चमचे पाणी घालत, हलवत, १५ ते २० मिनिटं चालवा. एकूण दीडशे मिली पाणी यात जाईल.

तपासा: रंग भडक लालवरून गडद विटकरी झाला पाहिजे. कडेने लाल तेल सुटलं पाहिजे. थोडं बशीत काढून गार करून चाखा. जिभेवर पिठूळ लागलं किंवा घशाला टोचलं तर मसाला कच्चा आहे, अजून पाच मिनिटं. तिखट असावं, टोचरं नसावं.

७. टोमॅटो घालायचा असेल तर आता, पाच मिनिटं, पुन्हा तेल सुटेपर्यंत. एकापेक्षा जास्त नको. इंजेरा स्वतः आंबट आहे, दोन-तीन टोमॅटो घातले की सगळ्याची चटणी होते.

८. उरलेलं ३५० मिली पाणी आणि मीठ घाला. झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं उकळू द्या. बंद करायच्या आधी मेकेलेशा घाला.

तपासा: रस्सा डावातून सहज ओघळला पाहिजे, पण डावाच्या पाठीवर पातळ लेप राहिला पाहिजे. नुसता खायला हा रस्सा पातळ वाटेल. वाटायलाच हवा. ‘मस्त दाट झालाय’ असं वाटलं तर अर्धी वाटी गरम पाणी घाला, नाही तर पुढे तुकडे कोरडे राहतील.

## टप्पा ६: एकत्र करणे

पाहुणे ताटावर बसल्याशिवाय हा टप्पा सुरू करू नका.

१. रस्सा खळखळ उकळता नको, नुसता वाफाळता हवा. आच सर्वांत मंद.

२. वाटीभर रस्सा बाजूला काढून ठेवा. तुकड्यांची तहान आधी सांगता येत नाही, हा राखीव साठा.

३. तुकडे तीन हप्त्यांत घाला. प्रत्येक वेळी रुंद उलथन्याने खालून वर उचला. ढवळू नका, दाबू नका. पहिल्या हप्त्याने पुष्कळ रस्सा प्यायला असं वाटेल, घाबरू नका.

४. सगळे तुकडे लाल झाले की गॅस बंद. झाकण ठेवून दोन मिनिटं. ज्वारीच्या इंजेराला तीन.

५. झाकण काढा. कुठे पांढरे कोरडे ठिपके दिसले तर राखून ठेवलेला रस्सा तिथेच शिंपडा.

तपासा: तुकडा बोटांनी उचलला तर अखंड राहिला पाहिजे, दाबला तर रस्सा सुटला पाहिजे.

थाळीत एक ताजा इंजेरा पसरा, त्यावर फिरफिर, वर हिरव्या मिरचीच्या चकत्या. सोबत गुंडाळलेला इंजेरा. होय, इंजेरानेच इंजेरा खायचा, उजव्या हाताने. दहा-पंधरा मिनिटांत संपवा. त्यानंतर तुकडे मऊ पडत जातात. डब्यात न्यायचं असेल तर रस्सा आणि तुकडे वेगळे न्या आणि तिथे एकत्र करा. रस्सा फ्रिजमध्ये चार दिवस छान राहतो, त्यामुळे दुप्पट करून ठेवलात तरी हरकत नाही.

## बिघडलं तर

लगदा झाला: आणखी ढवळलंत तर आणखी होईल. पसरट तव्यावर पातळ थर करून मंद आचेवर न हलवता तीन-चार मिनिटं ठेवा, खालून थोडं खरपूस होईल. फिरफिर म्हणून ते गेलंच, पण खायला वाईट लागत नाही.

फार तिखट झालं: साखर घालू नका. आणखी कोरडा इंजेरा आणि दोन चमचे तेल घाला. उपवासाचं नसेल तर सोबत दही द्या.

खूप आंबट झालं: इंजेरा जास्त आंबला. पुढच्या वेळी एर्शो ओतून काढल्यावर पिठावर एक वाटी स्वच्छ पाणी घाला, निवळू द्या आणि तेही ओतून काढा.

कडवट झालं: मेथी किंवा बर्बेरे करपला. याला उपाय नाही. रस्सा टाका, तुकडे वाचवा. म्हणून तर तुकडे घालायच्या आधी रस्सा चाखायचा.

## इंजेराच नसेल तर: चेचेब्सा

दोन दिवस थांबायची तयारी नसेल तर आंबोळी किंवा डोसा फाडून फिरफिर करू नका, उडदाच्या पिठाचा तुकडा रश्श्यात बुळबुळीत होतो. त्यापेक्षा इथिओपियातल्या ओरोमो लोकांचं चेचेब्सा करा, त्याला किता फिरफिरही म्हणतात. यात न आंबवलेली जाड पोळी, किता, लागते. यात तूप असतं, म्हणजे शाकाहारी आहे पण त्सोमचं नाही.

१. चार मोठे चमचे तुपात दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या, आल्याची एक चकती, चार-पाच मेथी दाणे, दोन वेलच्या आणि चिमूटभर हळद घालून अगदी मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. लसूण तांबूस व्हायच्या आत गाळा. हे झालं कामचलाऊ नितेर किब्बे.

२. १५० ग्रॅम कणीक मीठ घालून पोळीपेक्षा थोडी सैल मळा, पंधरा मिनिटं झाका. ४-५ मिमी जाड लाटून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. पातळ लाटलीत तर तुपात कुरकुरीत होऊन चिवडा होतो. मोठ्या आचेवर भाजलीत तर मध्ये कच्ची राहते.

३. गरम असतानाच अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे करा. इथे इंजेराच्या उलट, गार होऊ द्यायचे नाहीत. गार किता तूप शोषत नाही.

४. तूप पातेल्यात गरम करून गॅस बंद करा, मग दीड चमचा बर्बेरे घाला. यात हबक्याचं पाणी नाही, त्यामुळे चालू आचेवर बर्बेरे टाकलात तर तो हमखास करपेल. लगेच तुकडे घालून दोन मिनिटं घोळवा.

हे चमच्याने खातात. बाजूला दही किंवा वरून चमचाभर मध, दोन्ही चालतं, आणि तिखटावर मध नको वाटणाऱ्यांनीही एक घास खाऊन पाहावा.